लाल मातीच्या वाटेने : बांदा ते फोंडा

मुंबई-गोवा महामार्गावरून दक्षिणेकडे जाताना बांदा आले की बहुतेक गाड्या सरळ पत्रादेवीचा नाका ओलांडून समुद्रकिनाऱ्यांच्या गोव्यात शिरतात. बांद्याहून डावीकडे दोडामार्गाला जाणारा रस्ता मात्र निराळ्या गोव्यात नेतो. दोडामार्ग, डिचोली, साखळी, होंडा, उसगाव, खांडेपार आणि शेवटी फोंडा. सगळे मिळून अंतर शंभर किलोमीटरांच्या आतले. वाटेत भातशेती आहे, माडा-पोफळींची कुळागरे आहेत, धबधबा आहे, आदिलशाही काळातली मशीद आहे. आणि या सगळ्याच्या मधोमध, अर्धशतकाहून अधिक काळ लोहखनिज उपसून झाल्यावर उरलेले खड्डे आणि मातीचे डोंगर आहेत.

आम्ही हा प्रवास सप्टेंबरच्या अखेरीस केला. रत्नागिरीहून निघून रात्री सावंतवाडीला नातेवाइकांकडे मुक्काम केला आणि फजरनंतर लगेच निघालो. गाडीत आम्ही दोघे, अम्मी आणि दोन मुले. डब्यात तांदळाच्या भाकऱ्या, सुके मटण आणि सांदण. पाऊस ओसरत आला होता, पण ओढे-नाले अजून भरलेले होते. भात पोटरीतून बाहेर पडून पिवळसर होऊ लागले होते. हा प्रदेश पाहायचा तर याच दिवसांत पाहावा. उन्हाळ्यात इथे तांबडी धूळ असते आणि भर पावसात रस्ता दिसत नाही.

कळण्याची आठवण

बांदा सोडले की रस्ता झाडीत शिरतो. केळी, अननस, काजू आणि रबर. रबराच्या बागा केरळातून आलेल्या शेतकऱ्यांनी इथे रुजवल्या. झाडांच्या खोडांना बांधलेल्या वाट्या पाहून मुलांनी गाडी थांबवायला लावली. तिलारी धरणाचे पाणी कालव्यांतून याच तालुक्यातून पुढे गोव्यात जाते.

याच वाटेवर कळणे लागते. गाव सिंधुदुर्गातले, पण त्याची कथा पुढच्या साऱ्या प्रवासाची प्रस्तावना म्हणावी अशी. इथल्या डोंगरात लोहखनिजाची खाण सुरू झाली, तेव्हा गावकऱ्यांनी मोठा विरोध केला होता. जुलै २०२१ मध्ये मुसळधार पावसात खाणीचा एक भाग कोसळला आणि खड्ड्यात साठलेले पाणी चिखलासह गावात शिरले. घरे, बागायती, भातशेती लाल चिखलाखाली गेली. आज रस्त्यावरून पाहणाऱ्याला हिरवळच दिसते. कोकणची माती जखम लवकर झाकते. झाकलेली जखम भरली आहे की नाही, हे मात्र तिथे नांगर धरणाऱ्यालाच ठाऊक असते.

दोडामार्गला चहा घेतला आणि गोव्याच्या हद्दीत शिरलो.

डोंगर ओळखायची खूण

डिचोली तालुक्यात शिरल्यावर मुलीने विचारले, "इथले काही डोंगर पायऱ्यांचे का आहेत?" प्रश्न नेमका होता. अस्सल डोंगराला सोंडा असतात, घळी असतात, त्यावर नाना जातींची झाडे वेडीवाकडी वाढतात. इथे मधूनच एखादा डोंगर सपाट माथ्याचा दिसतो. त्याच्या उतारावर एकावर एक टप्पे असतात आणि त्यावर एकाच उंचीची, एकाच जातीची झाडे. ही झाडे बहुधा ऑस्ट्रेलियन अकेशियाची असतात. ती निकृष्ट मातीतही झपाट्याने वाढतात, म्हणून लावली गेली. हे डोंगर माणसाने रचलेले आहेत. इथले लोक त्यांना 'डंप' म्हणतात.

खाण कशी चालते ते समजले की हा सारा मुलूख वाचता येतो. गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी उघड्या असतात. जमिनीत बोगदे न खणता वरून डोंगरच कापत जातात. वर जांभ्याचा थर, त्याखाली माती आणि त्याखाली खनिज. एक टन खनिज हाती यायला साधारण अडीच ते तीन टन दगडमाती बाजूला काढावी लागते. ती टाकायला जागा हवी, म्हणून शेजारच्या जमिनीवर डंप उभा राहतो. खोदकाम भूजलाच्या पातळीखाली गेले की खड्ड्यात पाणी भरते. ते पंपाने उपसून नाल्यात सोडावे लागते. खड्ड्यातून पाणी उपसले की आजूबाजूच्या विहिरींची पातळी उतरते. पावसाळ्यात डंपवरची सैल माती वाहते आणि ओहोळातून थेट भातशेतीत उतरते. डोंगर, विहीर, ओहोळ आणि शेत ही एकाच घरची भावंडे आहेत. एकाला धक्का लागला की चौघांना लागतो.

पोर्तुगीज अमलात इथे खाणींचे परवाने दिले गेले. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानला पोलाद हवे होते, तेव्हा गोव्याच्या खनिजाला मागणी आली. खाणीतून टिपरने नदीकाठच्या धक्क्यावर, तिथून बार्जमधून मांडवीने मुरगाव बंदरात आणि मग बोटीने परदेशात, अशी ही साखळी. पुढे चीनची भूक वाढली. आधी टाकून दिलेले कमी प्रतीचे खनिजही विकले जाऊ लागले. २०१०-११ च्या सुमारास गोव्याच्या बंदरांतून वर्षाला पाच कोटी टनांच्या आसपास खनिज बाहेर जात होते. एवढ्याशा राज्यातून एवढा माल!

नियम धाब्यावर बसवल्याच्या तक्रारी झाल्या, चौकशी आयोग नेमला गेला. २०१२ मध्ये आधी राज्य सरकारने आणि मग सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबवल्या. २०१४ च्या निकालाने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून वाट मोकळी केली. पण फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि मार्चपासून पुन्हा सामसूम झाली. नंतर लिलाव झाले, २०२४ मध्ये डिचोलीच्या पट्ट्यात काम पुन्हा सुरू झाले. तरी आमच्या वाटेवरचे बहुतेक खड्डे निवांत होते. त्यांत हिरवे-निळे पाणी साठले होते आणि काठावर बगळे उभे होते. लांबून पाहणाऱ्याला ते सरोवर वाटावे.

डिचोलीची नमाजगाह

डिचोली गाव बाजाराचे. तांब्या-पितळेची भांडी, भाजी, सुकी मासळी. गावालगतच्या टेकडीवर नमाजगाह आहे. छत नसलेली, किब्ल्याच्या बाजूची भिंत आणि समोर मोकळे आवार. राज्याच्या पुरातत्त्व खात्याने तिला संरक्षित वास्तू म्हणून जपले आहे.

तिची हकीकत मराठी वाचकाला जवळची वाटावी अशी आहे. औरंगजेबाचा शहजादा अकबर बापाविरुद्ध बंड करून १६८१ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांच्या आश्रयाला आला. पुढची काही वर्षे त्याचा वावर याच दक्षिण कोकणच्या पट्ट्यात होता आणि १६८७ मध्ये तो समुद्रमार्गे इराणकडे निघून गेला. त्याच्या इथल्या मुक्कामात, १६८३ च्या सुमारास, ही नमाजगाह बांधली गेली असे सांगितले जाते. मराठ्यांचा छत्रपती आणि मोगलांचा शहजादा एका बाजूने उभे होते, त्या काळाची ही खूण. इतिहासाचे दोनच रंग शिकलेल्या मुलांना इथे जरूर आणावे.

गोव्यात अशा जुन्या इस्लामी वास्तू याच अंतर्भागात का सापडतात, हेही सांगायला हवे. तिसवाडी, बार्देश आणि सासष्टी हे तालुके सोळाव्या शतकातच पोर्तुगिजांच्या हाती गेले आणि तिथल्या मशिदी-मंदिरे उरली नाहीत. डिचोली, सत्तरी, फोंडा हा मुलूख अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांच्या ताब्यात आला. तोवर धर्मांतराच्या सक्तीचा जोर ओसरला होता. त्यामुळे इथे देवळेही टिकली आणि नमाजगाहही. सुर्ला गावातही एक जुनी मशीद आहे.

टेकडीवरून समोर पाहिले की एका नजरेत तिन्ही गोष्टी दिसतात : भाताचे हिरवे-पिवळे चौकोन, त्यामागे माडांची रांग आणि मागे कापलेला लाल डोंगर.

शेत पुन्हा शेत कधी होते?

डिचोलीजवळ मये गावात तळे आहे. गर्द झाडीत वसलेले, मुलांना आवडेल असे. तिथून जवळच शिरगाव. लईराई देवीच्या जत्रेसाठी हे गाव साऱ्या गोव्यात प्रसिद्ध. खाणींनी वेढलेल्या या गावात विहिरी आटल्या, शेते गाळाने भरली आणि ही तक्रार उच्च न्यायालयापर्यंत गेली.

रस्त्याकडेच्या एका शेतात साठीच्या एक बाई बांधावरचे गवत कापत होत्या. अम्मींनी गाडीतूनच विचारले, "मावशी, भात बरे आले का हो यंदा?" अम्मींचे माहेर शेतीचे. भात दिसले की त्यांना राहवत नाही. त्या खाली उतरल्या आणि दोघी अर्धा तास बोलत बसल्या. आम्ही ऐकत होतो.

इथे दोन पिके घेतात. पावसावरचे भात म्हणजे सरद आणि पावसाळ्यानंतर ओहोळाच्या पाण्यावर घेतलेले ते वायंगण. वायंगणी शेतात भात निघाल्यावर मिरची, अळसांदे आणि भाजीही होते. मावशींच्या कुटुंबाची जमीन दोन तुकड्यांत आहे. वरच्या तुकड्यात खाणीचा गाळ उतरला. हा गाळ नदीच्या गाळासारखा सुपीक नसतो. तो पिठासारखा बारीक. ओला असताना पाय रुततो, वाळला की फरशीसारखा कडक होतो आणि रोपाच्या मुळाला आत जाऊ देत नाही. खाण चालू होती तेव्हा नुकसानभरपाईचे पैसे मिळत. पैसे मिळत म्हणून नांगर धरला नाही. नांगर धरला नाही म्हणून बांध फुटले, पाट बुजले. मग खाण बंद झाली आणि भरपाईही थांबली.

"गाळ काढून टाकता येत नाही का?" आमच्या मुलाने विचारले.

"काढला ना बाबा, माझ्या पोरांनी दोन उन्हाळे काढला. टोपल्यांनी काढला. हे आता जे पिवळे दिसते आहे ना, तो तेवढाच तुकडा. बाकीचा अजून तसाच आहे."

ते पिवळे चौकोन मग आम्हाला वेगळेच दिसू लागले. सहज म्हणून जे 'निसर्गसौंदर्य' आम्ही मोबाईलमध्ये टिपत होतो, त्यातला एकेक चौकोन कोणीतरी टोपलीने परत मिळवलेला होता. शेत पुन्हा शेत व्हायला किती वर्षे लागतात, याचे उत्तर कुठल्याच अहवालात नसेल. घरात किती हात आहेत आणि त्या हातांना किती धीर आहे, यावर ते अवलंबून.

साखळीतला चहा

साखळीला पोचलो तेव्हा जुहरची अजान होत होती. डिचोली-साखळीत मुस्लिम वस्ती बरीच आहे. मशिदीत सोय चांगली होती. आम्ही मुसाफिर, आणि आपल्या शाफई मसलकात प्रवासात जुहर-अस्र एकत्र, कस्र करून अदा करण्याची सवलत आहे. तिचा लाभ घेतला. नमाजनंतर बाहेरच्या टपरीवर एका भाईंशी ओळख झाली. वय पंचेचाळिशीचे. वीस वर्षे टिपर चालवला. आधी दुसऱ्याचा, मग कर्ज काढून स्वतःचा.

ते म्हणाले, "लोक आम्हाला विचारतात, धूळ बरी की उपासमार बरी? हा काय प्रश्न झाला? धूळ होती तेव्हा पोरांची फी भरली, बहिणीचे लग्न केले, घराला स्लॅब घातला. त्याच धुळीने अब्बांना दमा झाला. २०१२ ला टिपर दारात उभा राहिला. हप्ता मात्र उभा राहिला नाही. शेवटी टिपर निम्म्या किमतीत विकला."

आता ते भाड्याने छोटा टेम्पो चालवतात, बाजारातून भाजी नेतात. खाण पुन्हा सुरू व्हावी असे वाटते का, असे विचारल्यावर ते थोडे थांबले. "व्हावी. पण आता एकच सांगतो. अब्बांनी शेत पडीक टाकून माझ्या हाती स्टिअरिंग दिले. मी पोराला टिपर घेऊन देणार नाही. खाण कोणाच्या तरी सहीने सुरू होते आणि कोणाच्या तरी सहीने बंद होते. त्या सहीवर घर चालवायचे नाही."

खाणपट्ट्यातल्या माणसाला खलनायक किंवा बिचारा ठरवणे सोपे आहे. दोन्ही ठरवणारे बहुधा बाहेरचे असतात. खाणीने या भागात पगार, पक्की घरे, शिक्षण आणले, हे खरे. तिने शेत सोडायला लावले, हेही खरे. पुढच्या रस्त्यावर होंड्याजवळ सोनशी आणि पिसुर्ले ही गावे आहेत. पिसुर्ल्याचे शेतकरी गाळाने भरलेल्या शेतांसाठी वर्षानुवर्षे भांडत आले. सोनशीतून खनिजाच्या ट्रकांची अखंड रांग जाई. धुळीने आणि पाण्याच्या टंचाईने हैराण झालेल्या ग्रामस्थांनी २०१७ मध्ये ट्रक अडवले, तेव्हा ४० हून अधिक जणांना तुरुंगात जावे लागले. त्यांत बायकाही होत्या. आज त्या रस्त्यावर आम्हाला दर दहा मिनिटांनी एखादे वाहन दिसले. झाडांची पाने हिरवी होती. ती शांतता ऐकायला छान वाटते, पण ती कोणाच्या तरी गेलेल्या रोजगाराचीही शांतता आहे, हे साखळीच्या चहाने आम्हाला विसरू दिले नाही.

साखळीपासून जवळच हरवळ्याचा धबधबा आहे. सप्टेंबरात तो भरात असतो. शेजारी जांभ्यात कोरलेली प्राचीन लेणी आहेत. मुलांनी इथे डबा संपवला. साखळीजवळच्याच एका संपलेल्या खाणीत झाडे लावून, पाणी भरलेल्या खड्ड्यात मत्स्यपालनाचा प्रयोग झाला आहे. उन्हाळ्यात नद्यांचे पाणी कमी पडले की गोव्यात काही खाणींच्या खड्ड्यांतले पाणी नळयोजनांसाठीही वापरले गेले आहे. म्हणजे खड्ड्याचेही काही करता येते. करायचे ठरवले तर.

संपणारे आणि न संपणारे

गाडीत अम्मींनी मुलांना एक गोष्ट सांगितली. यमनमधल्या मारिबचे अबयज बिन हम्माल (रजि.) प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांच्याकडे आले आणि तिथली मिठाची जागा आपल्याला मिळावी अशी विनंती केली. ती त्यांना देण्यात आली. ते वळून निघाले तेव्हा उपस्थितांपैकी एकाने लक्षात आणून दिले की ही जागा म्हणजे न आटणाऱ्या पाण्यासारखी आहे, कोणीही यावे आणि घ्यावे अशी. ते कळताच प्रेषितांनी (सल्ल.) दिलेली जागा परत घेतली.

या प्रसंगावरून फकीहांनी बराच खल केला आहे. सहज उपलब्ध असलेले, सर्वांच्या गरजेचे खनिज एकाच्या मालकीचे करू नये, असा नियम त्यातून निघाला. खोल खणून काढाव्या लागणाऱ्या खनिजांबाबत मसलकांची मते वेगवेगळी आहेत. त्यावरील देण्याबाबतही आहेत. हनफी मसलकात लोखंडासारख्या धातूच्या खाणीतून निघणाऱ्या मालाचा पाचवा हिस्सा द्यावा लागतो, तर शाफई मसलकात खाणीची जकात सोन्या-चांदीपुरती आहे. शेतीचा हिशेब मात्र आपल्याकडे शेतकऱ्याच्या पोरालाही पाठ असतो : पावसावर पिकले तर दहावा हिस्सा, स्वतः पाणी देऊन पिकवले तर विसावा.

दुसरी गोष्ट हजरत उमर (रजि.) यांच्या काळातली. इराकची सुपीक जमीन जिंकल्यावर ती सैनिकांत वाटून टाकावी असा आग्रह झाला. हजरत उमर (रजि.) यांनी नकार दिला. आज सारी जमीन वाटून टाकली, तर मागून येणाऱ्यांसाठी काय उरणार, हा त्यांचा सवाल होता. जमीन कसणाऱ्यांच्याच हाती ठेवून तिचा महसूल सर्वांसाठी, पुढच्यांसाठीही, राखला गेला.

आता हे पाहा. २०१४ च्या गोवा खाण निकालात सर्वोच्च न्यायालयाने खनिजाच्या विक्रीच्या रकमेपैकी दहा टक्के रक्कम एका कायमस्वरूपी निधीत ठेवायला सांगितली. कारण असे की खनिज एकदाच निघते. ते आजच्या पिढीने काढले तरी त्यावर उद्याच्या पिढीचा हक्क आहे. न्यायाधीशांनी हा विचार आधुनिक कायद्यातून मांडला. मारिबची आणि इराकची गोष्ट ऐकत वाढलेल्या आपल्या मुलांना तो परका वाटू नये.

शेत दरवर्षी देते, म्हणून त्याचा हिस्सा दरवर्षी निघतो. खाण एकदाच देते, म्हणून तिच्याबाबत जास्त सावध असायला हवे. आपण जमिनीचे मालक नाही, अमानतदार आहोत, असे आपण जुम्म्याच्या खुतब्यात ऐकतो. या रस्त्यावर त्या वाक्याला माती लागलेली दिसते. आणि ही गोष्ट खाणमालकांपुरती नाही. आपल्या कोकणात कितीतरी मुस्लिम घरांच्या जमिनी पडीक आहेत. मुले आखातात, जमीन जांभ्याच्या चिरेखाणीला दिलेली, पैसे भावांनी वाटून घेतलेले. त्यात बहिणीचा वाटा गेला का, आणि चिरे काढून झाल्यावर उरलेल्या खड्ड्याचे काय करायचे, हे प्रश्न आपल्या दारातले आहेत.

साफा मशीद

उसगाव, मग खांडेपार. खांडेपारला नदीजवळ जांभ्यात कोरलेल्या छोट्या गुंफा आहेत. तिथून फोंड्याकडे येताना, शहराच्या अलीकडेच, रस्त्यालगत साफा मशीद दिसते.

अली आदिलशाह पहिला याच्या काळात, १५६० मध्ये ती बांधली गेली. उंच जोत्यावर एकच दालन, वर उतरते कौलारू छप्पर, भिंतींवर सुबक कमानी. भोवती तोडलेल्या अष्टकोनी खांबांचे अवशेष. दक्षिणेला चौरस हौज, त्याच्या भिंतींत मेहराबीच्या आकाराचे कोनाडे, आणि पाण्यापर्यंत उतरणाऱ्या पायऱ्या. एके काळी भोवती बाग आणि कारंजी होती. फोंडा परिसरात २७ मशिदी होत्या आणि त्यातली ही एकच उरली, असे सांगतात. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खाते तिची देखभाल करते.

मुलाने हौजाच्या पायरीवर हात ठेवला आणि म्हणाला, "हा तोच दगड." खरेच होते. दिवसभर जो जांभा पाहिला, तोच. हरवळ्याची लेणी, खांडेपारच्या गुंफा, कुळागरांचे बांध, ही मशीद आणि हा हौज सारे त्याच लाल दगडातून घडले. कोणी त्यात पाणी साठवायला जागा केली, कोणी सजद्याला. साडेचारशे वर्षांपूर्वी खणलेल्या त्या चौकोनात आजही पाणी आहे आणि काठ शाबूत आहेत. डिचोलीचे खड्डे त्याहून कितीतरी मोठे. त्यांच्या काठांची काळजी कोणी घ्यायची, हे अजून ठरायचे आहे.

जाणार असाल तर

सप्टेंबरचा शेवट ते नोव्हेंबर हा काळ उत्तम. बांद्याहून सकाळी लवकर निघाल्यास मये, डिचोली, साखळी, हरवळे आणि फोंडा एका दिवसात आरामात होते. घाई करायची नसेल तर फोंड्याला मुक्काम करावा. दोडामार्गच्या पुढे रस्ता वळणांचा आहे, रात्री चालवणे टाळावे.

खाणीच्या खड्ड्यांत मुळीच उतरू नये. पाणी शांत दिसले तरी काठ सरळ तुटलेले आणि सैल असतात, खोली प्रचंड असते. डंपवर चढू नये, विशेषतः पावसानंतर. बहुतेक जागा खासगी किंवा सरकारी ताब्यातल्या आहेत. रस्त्यावरून पुरेसे दिसते. हरवळ्याच्या डोहातही मुलांना पोहायला सोडू नये.

नमाजगाह आणि साफा मशीद या संरक्षित वास्तू आहेत. भिंतींवर नावे लिहू नयेत, हौजात काही टाकू नये. खाण्यासाठी डिचोली-साखळीच्या बाजारात हलाल खानावळी सापडतात. घरचा डबा असेल तर अधिक चांगले. रिकामी पाकिटे मात्र घरीच आणावीत.

शेताजवळ थांबलात तर बांधावरून चाला, पिकातून नको. कोणी भेटले तर भाताची चौकशी करा. तिथले लोक खाणीबद्दल विचारणाऱ्या पाहुण्यांना कंटाळले आहेत. भाताबद्दल विचारणारा क्वचित येतो. आणि वायंगणी मिरची विकायला बसलेली कोणी बाई दिसली, तर घासाघीस न करता पावशेर घ्या. ती ज्या मातीत पिकली, ती माती परत मिळवायला कोणाचे तरी दोन उन्हाळे गेलेले असतील.